आजोबांची बारा बोअर खांदा फोडतेय, वीस बोअर घेऊ का?

वावरवाला_आर्वी

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात आमचं साडेसात एकर वावर आहे. सोयाबीन, मधल्या तासांत तूर, वरच्या तुकड्यात हरभरा. जंगल दीड किलोमीटरवर. रोह्यांचा (नीलगायींचा) कळप रात्री एकदा शिरला की सकाळी तुरीचे नुसते बुडखे दिसतात आणि रानडुकरं आली तर तेही नाही. त्यामुळे भाद्रपदापासून हरभरा निघेपर्यंत मचाणावर जागल ठरलेली.

घरी आजोबांची बारा बोअरची विलायती दुनाळी आहे. वडील गेल्यावर ती ठाण्यात जमा होती. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर व्हायला बराच काळ गेला, यंदाच्या पावसाळ्यात हातात आली. मी जनावर मारत नाही, बार काढून हाकून लावतो. पण एका रात्रीत तीन-चार बार काढले की दुसऱ्या दिवशी उजवा हात डोक्याच्या वर जात नाही. दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग पडतो. मागच्या आठवड्यात गालाच्या हाडालाही मार बसला.

आजोबा हीच बंदूक आयुष्यभर वापरत होते, त्यांना कधी कुरकुरताना ऐकलं नाही. एका ओळखीच्यानं सांगितलं, बारा बोअर विकून वीस बोअर घे, ती लाथ मारत नाही. दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडावर, चढवायची रबरी टोपी आणून पाहिली, तिनं उलट जास्तच लागायला लागलं. हे कसं झालं तेच कळत नाही. बंदूक विकायला मन होत नाही. जाणत्यांनी सांगावं.

दारव्हा_कास्तकार

भाऊ, तुमचं दुखनं मले समजते. माह्या बापाजवळ ठासनीची होती, परवान्याची. नळी ह्ये लांब, वजन मुसळावानी. बारुद मापानं टाकाची, माप म्हनजे एक जुनं पितळी टोपन. एका रात्री अंधारात थो माप टाकलं का नाही इसरला अन् दुसरं टाकलं. बार असा झाला का बाप मचानावरून मागं पडता पडता वाचला. आठ दिस वखर धरता आला नाही त्याले. एवढी जड बंदूक, पन भरती दुप्पट झाली तं वजनानं काय होते? म्हून मी म्हनतो, पयले काडतुसात काय हाय थे पाहा. बोअर मंग पाहू.

निवृत्त_आर्मरर_बुलढाणा

दारव्हाकरांनी बरोबर जागी बोट ठेवलं आहे. मी फौजेत शस्त्रदुरुस्तीचं काम केलं, आता गावी शेती पाहतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण बोअर म्हणजे काय इथूनच बऱ्याच जणांची गल्लत होते.

एक पौंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम शिसं घ्या. त्याच्या १२ सारख्या गोल गोळ्या पाडा. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअर, आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस गोळ्या पाडल्या तर गोळी लहान, नळीही लहान: १५.६ मिलिमीटर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. फक्त चारशे दहा (.410) नावाच्या बारीक नळीचा हिशेब निराळा, तो थेट इंचाच्या हजारांशातला व्यास आहे.

आता यात धक्का कुठे आला? कुठेच नाही. बोअर हे भोकाचं माप आहे. धक्का येतो तो पुढे काय फेकलं, किती वेगानं फेकलं आणि मागे बंदूक किती वजनाची आहे यातून. बारा बोअरमध्ये २४ ग्रॅम छऱ्यांचं हलकं काडतूस मिळतं आणि ३६ ग्रॅमचं भारीही मिळतं. दोन्ही एकाच नळीतून जातात, खांद्याला मात्र दोन वेगळ्या बंदुका वाटतात.

जुन्या इंग्रज कारागिरांचा एक ठोकताळा आहे, आजही कामाला येतो: बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. २८ ग्रॅम छर्रे असतील तर बंदूक पावणेतीन किलोच्या आसपास. ३२ ग्रॅमला तीन किलोच्या वर. ३६ ग्रॅमला जवळपास साडेतीन. बंदूक याहून हलकी असेल तर ती खांद्याला सांगणारच.

आर्वीकर, तीन गोष्टी सांगा. बंदुकीचं वजन किती? काडतुसाच्या डब्यावर छऱ्यांचं वजन आणि लांबी काय लिहिलीय? आणि तुमची उंची किती, आजोबांची किती होती?

वावरवाला_आर्वी

दादा, सकाळीच दुकानातल्या काट्यावर वजन केलं. बंदूक रिकामी, नळ्या उघडून. २ किलो ८०० ग्रॅम. डब्यावर ३६ ग्रॅम आणि ७० मिमी लिहिलंय. दुकानदारानं रोह्यासाठी जोरदार पाहिजे म्हणून हीच दिली. माझी उंची ५ फूट ५ इंच. आजोबा ६ फुटांना थोडे कमी, आणि अंगानं धिप्पाड. फोटोत दाराची चौकट भरून दिसतात.

गणितमास्तर_पुसद

मी बंदूक चालवत नाही, पण हिशेब करायला आवडतो. सरळ संवेगाचा नियम आहे. छर्रे, त्यांच्या मागचा डाट (छर्रे आणि बारुद यांच्या मधला बुच) आणि जळालेल्या बारुदाचा वायू पुढे जातो, तेवढाच संवेग बंदुकीला मागे मिळतो. वेग सेकंदाला ३६० ते ३७५ मीटर धरला, डाट तीन ग्रॅम, बारुद दीड ते दोन ग्रॅम.

३६ ग्रॅमचं काडतूस, २.८ किलोची बंदूक: बंदूक सेकंदाला ५.६ मीटर वेगानं मागे येते, ऊर्जा सुमारे ४४ ज्यूल.

त्याच बंदुकीत २८ ग्रॅमचं काडतूस: सुमारे २६ ज्यूल.

२.६ किलोची वीस बोअर, छर्रे २८ ग्रॅमच: उलट किंचित जास्त, २८ च्या आसपास!

म्हणजे बंदूक विकून वीस बोअर आणली आणि तिच्यात तेवढेच छर्रे घातले, तर बारा बोअरमध्ये नुसतं काडतूस बदलून जे मिळतं त्यापेक्षा जास्त काही हाती लागत नाही. वीस बोअर मऊ वाटते ती लोक तिच्यात बहुधा २४ ग्रॅम घालतात म्हणून. आणि ती हलकी असते, म्हणून भारी काडतूस घातलं की बारा बोअरची बरोबरी करते.

आणखी एक. काडतूस तेच ठेवलं तर ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वजन दहा टक्के वाढवलं तर धक्का जवळपास नऊ टक्के कमी होतो. फायदा आहे, पण छर्रे कमी करण्याएवढा नाही, कारण छऱ्यांचा परिणाम वर्गानं होतो.

निवृत्त_आर्मरर_बुलढाणा

मास्तर, मनापासून आभार. हे आकडे मी इतकी वर्षं हातानं ओळखत होतो, कागदावर आज पाहिले.

पण आर्वीकर, आता खांद्यापेक्षा मोठी गोष्ट. तुमच्या डब्यावर ७० मिमी आहे आणि बंदूक आजोबांच्या काळची विलायती आहे. त्या काळच्या हलक्या विलायती दुनाळ्यांची चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, बहुतेक वेळा अडीच इंची, म्हणजे ६५ मिमीच्या काडतुसासाठी कोरलेली असते. जोपर्यंत मोजून खात्री होत नाही तोपर्यंत ही काडतुसं चालवू नका. आज रात्रीही नको.

बंदूक मोडून नळ्या वेगळ्या काढा. नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवर, जिथे परीक्षेचे शिक्के असतात, तिथे २½ किंवा ६५ असं काही कोरलंय का पाहा. शिक्के पुसट असतील तर परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून चेंबर मोजून घ्या.

वावरवाला_आर्वी

पण दादा, काडतूस तर अगदी आरामात आत जातं. घट्टही होत नाही. दुकानदारही म्हणाला, बसतं म्हणजे चालतं.

निवृत्त_आर्मरर_बुलढाणा

यातच लोक फसतात. ७० मिमी हे बार झाल्यानंतरचं माप आहे, तोंड उलगडल्यावरचं. भरलेल्या काडतुसाचं तोंड चुणीनं आत दुमडलेलं असतं, तेव्हा ते साठ मिलिमीटरच्याही आत भरतं. म्हणून ६५ च्या चेंबरमध्ये ते आरामात बसतं. बार झाला की दुमडलेलं तोंड उघडायला जागा लागते. पुढे जागा नसली की ते तोंड चेंबर संपून नळी जिथे बारीक होते तिथे शिरतं, छऱ्यांना वाट अरुंद होते आणि आतला दाब वाढतो. जुन्या नळीला हा दाब धोक्याचा आहे आणि धक्काही त्यानं वाढतो. बसतं म्हणजे चालतं हे बुटाच्या बाबतीत ठीक, नळीच्या बाबतीत नाही.

आणि ज्यांच्या घरी बारा आणि वीस दोन्ही बोअर आहेत त्यांनी काडतुसं एका पिशवीत कधीच ठेवू नयेत. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं. बार झाला नाही म्हणून माणूस मागून बाराचं घालतो आणि नळी हातात फुटते. डाव्या हाताची बोटं तिथेच असतात.

दारव्हा_कास्तकार

हे मले माहीतच नव्हतं. आमच्या इकडे कोनीच असं सांगत नाही.

वावरवाला_आर्वी

आता पाहिलं. हात थरथरत होते खरं सांगतो. डाव्या नळीखाली शिक्क्यांच्या ओळीत 2½ स्पष्ट आहे. अंदाजे तीसेक बार मी ७० नं काढले असतील.

नेमबाज_नागपूर

दादा, नळ्या सुखरूप आहेत हे पहिलं चांगलं. तरी कारागिराकडून आतून-बाहेरून तपासून घ्या, फुगवटा किंवा चीर आहे का ते. बिजागरी ढिली झाली का तेही. त्याआधी बंदूक झाडूच नका.

मी ट्रॅप, म्हणजे उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी, खेळते. उंची ५ फूट १ इंच, आणि धक्क्याबद्दल माझ्या खांद्यानं बरंच शिकवलंय. आमच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत १२५ तबकड्या असतात. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे छर्रे २४ ग्रॅमच्या वर चालत नाहीत, आणि माझी बंदूक ३.६ किलोची. मास्तरांच्या पद्धतीनं काढलं तर २० ज्यूलच्या आत येईल. म्हणून दिवसभर बार काढूनही दुसऱ्या दिवशी हात वर जातो. राज्यवर्धन राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्य जिंकलं, तेव्हा मी शाळेत होते. टीव्हीवर ती बंदूक किती हलकी उचलली जाते असं वाटायचं. हातात घेतल्यावर कळलं की ती हलकी नसते, ती बसलेली असते.

बसलेली म्हणजे काय ते सांगते. मी सुरुवातीला क्लबची बंदूक वापरायची, पुरुषांच्या मापाची. दस्ता लांब. तो खांद्याच्या खोबणीत यायचाच नाही, सरकून दंडावर जायचा. तुम्ही लिहिलंय डाग दंडावर पडतो. दंडावर! डाग दंडावर म्हणजे दस्ता लांब आहे, हे मी पैजेवर सांगते. खांद्याच्या खोबणीत, छातीचा स्नायू आणि खांद्याचं हाड यांच्या मधे, मांसल जागा असते. धक्का तिथे पसरतो. दंडावर तो हाडावर येतो. आणि तुम्ही त्या लांब दस्त्यावर वर आणखी रबरी टोपी चढवलीत. दोन-अडीच सेंटिमीटर लांबी वाढली. म्हणून टोपीनं जास्त लागलं. रबर वाईट नाही, लांबी वाईट आहे.

मोजून पाहा. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंत किती सेंटिमीटर?

वावरवाला_आर्वी

ताई, टोपीशिवाय साडेसदतीस. टोपीसकट चाळीस.

नेमबाज_नागपूर

तुमच्या उंचीला ३५ च्या आसपास बरं. हात, मान आणि छातीच्या रुंदीप्रमाणे थोडं कमी-जास्त. चाळीस म्हणजे तुम्ही बंदूक धरत नव्हता, ढकलत होता.

गालाचं सांगायचं राहिलं. दस्ता लांब असला की माणूस मान पुढे ताणतो आणि गाल दस्त्यावर टेकवण्याऐवजी वरच्या वर ठेवतो. बार झाला की नळीचं तोंड वर उसळतं, कारण नळीची रेघ खांद्याच्या वरून जाते, म्हणजे बंदूक मागेही येते आणि फिरतेही. गाल आणि दस्ता यांच्यात बोटभर फट असेल तर दस्ता त्या फटीत वेग घेऊन हाडावर आदळतो. गाल घट्ट टेकलेला असेल तर डोकं दस्त्याबरोबर जातं आणि काही लागत नाही. एकावर एक नळ्या असलेल्या बंदुकीत खालची नळी खांद्याच्या जास्त जवळ येते म्हणून ती कमी उसळते. तुमच्या शेजारी-शेजारी नळ्यांच्या दुनाळीत तो फायदा नाही, पण माप बसलं तर तिच्यासारखी हातात फिरणारी बंदूक नाही.

पूर्णाकाठ_अकोला

तोलाबद्दल मी थोडं सांगू का? आमच्याकडे दर श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं अकोल्याला राजराजेश्वराला नेतात. ज्यानं खांद्यावर कावड घेतली त्याला ही गोष्ट अंगानं माहीत असते. दोन टोकांना दोन घागरी, तोल अगदी मध्ये खांद्यावर. सरळ चालायला काही त्रास नाही. पण वळायचं म्हटलं की कावड वळत नाही, आणि एकदा वळायला लागली की थांबत नाही. तेवढंच पाणी एका घागरीत घालून छातीशी धरा, टाचेवर गर्रकन फिराल.

बंदुकीचं तसंच आहे. दोन बंदुका, दोन्ही तीन किलोच्या, दोन्ही बोटावर ठेवल्या तर एकाच जागी तोलतात. तरी एक पटकन उठते, दुसरी आळशी वाटते. पहिलीचं वजन दोन हातांच्या मधे गोळा झालेलं असतं, दुसरीचं नळीच्या तोंडाकडे आणि दस्त्याच्या टोकाकडे पसरलेलं. म्हणून नुसता तोलबिंदू पाहून बंदूक ओळखू येत नाही, ती उचलून इकडून तिकडे फिरवून पाहावी लागते.

तरी तोलबिंदू पाहायचा असेल तर गोठ्याच्या आढ्याला सुतळीचा फास बांधा, रिकामी बंदूक त्यात सरकवत न्या, जिथे आडवी राहील तिथे खडूची खूण करा. चांगल्या दुनाळीत ती खूण बंदूक जिथे मोडते त्या बिजागरीच्या खिळ्याजवळ पडते.

वावरवाला_आर्वी

केलं. ढोरं बाहेर बांधली होती म्हणून गोठा रिकामा होता. खूण बिजागरीच्या खिळ्यापासून बोटभर पुढे, नळीकडे. आईनं विचारलं हे काय चाललंय, तिला सांगितलं आजोबांची बंदूक तोलतोय. ती म्हणाली, ते पण असंच सुतळीवर टांगून पाहायचे.

निवृत्त_आर्मरर_बुलढाणा

बोटभर पुढे चालेल, कारागिरानं आजोबांच्या हाताला तसं ठेवलं असेल. नळीकडे थोडं वजन असलं की तोंड कमी उसळतं, फिरवताना झटका बसत नाही. पण ताई म्हणतात तसा दस्ता कापला तर मागचं वजन कमी होईल आणि खूण आणखी पुढे सरकेल. मग बंदूक नाकावर पडल्यासारखी वाटेल आणि मचाणावर डावा हात लवकर थकेल. म्हणून कापणाऱ्याला आधीच सांगा: जेवढं लाकूड काढाल तेवढं वजन परत मागे आलं पाहिजे. दस्त्याच्या टोकात भोक पाडून शिसं बसवतात, त्यावर रबराची गादी. गादीखाली दिसतही नाही. वजन वाढेल त्याचा धक्क्याला फायदाच.

नळी मात्र कापू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. तोल जातो, चोकचा (तोंडाशी नळी किंचित बारीक होते तो) भाग जातो, आणि शस्त्र कायद्याप्रमाणे नळी वीस इंचांच्या खाली गेली की प्रकरण वेगळंच होतं.

दारव्हा_कास्तकार

मचानावर बसता कसे थे सांगा भाऊ. पाठ टेकवता का?

वावरवाला_आर्वी

हो. मागच्या बांबूला टेकून बसतो. रात्रभर बसायचं म्हटल्यावर पाठ लागतेच.

दारव्हा_कास्तकार

हे पाहा, हेच. माह्या बापानं मले पयल्या दिवशी हे सांगलं होतं. बार काढताना पाठ बांबूले लावू नको. उभा असला मानूस तं धक्क्यासंगं मागं डोलते, अंग थो धक्का पिते. पाठ टेकली तं अंगाले जायले जागा नाही, सारा मार खांद्यातच जिरते. बसायचं तं बसा, पन बार काढताना पुढं झुका. डोकं पायाच्या पुढं आलं पाहिजे.

नेमबाज_नागपूर

दारव्हाकाका, आमचे प्रशिक्षकही हेच शिकवतात, वजन पुढच्या पायावर. पालथं पडून किंवा टेकून झाडलेली बंदूक नेहमी जास्त लागते, बंदूक तीच असली तरी.

गुळगुळीत_नळी

यवतमाळ जिल्ह्यातूनच. धाग्यावर सगळं छान चाललंय, एक गोष्ट वाटली म्हणून लिहितो. रोही आणि रानडुक्कर दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. वनविभागाची लेखी परवानगी असल्याशिवाय मारलं तर तो गुन्हा आहे, परवाना पीकसंरक्षणाचा असला तरी. आर्वीकर हाकतात हे चांगलं. हाकायला मोठे छर्रे कशाला? सहा नंबरचा बारीक छर्रा दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतो. एलजीचा मोठा दाणा सहाशे मीटरच्या पुढे जातो. अंधारात पलीकडच्या वावरात कोण जागल करतंय हे आपल्याला दिसत नसतं.

वावरवाला_आर्वी

बरोबर. आमच्या मचाणापासून पलीकडच्या शेजाऱ्याचा माळा चारशे मीटरवर आहे, त्याचा पोरगा तिथेच झोपतो. हे मी याआधी मोजलंच नव्हतं. सहा नंबरच घेईन, २८ ग्रॅम, ६५ मिमी.

गणितमास्तर_पुसद

वेगाचा एक मुद्दा राहिला होता. धक्का किती लागतो यात ऊर्जेबरोबर बंदूक किती वेगानं मागे येते हेही आहे. तुमची बंदूक साडेपाच मीटरच्या वर येत होती, ती २८ ग्रॅमला सव्वाचारवर येईल. झटका आणि ढकलणं यातला फरक तिथे जाणवेल असं वाटतं. कळवा नक्की.

वावरवाला_आर्वी

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. मधे सोयाबीनची सोंगणी आली, मग पाऊस आला, गंजी झाकण्यात चार दिवस गेले.

परवाना आणि बंदूक घेऊन नागपूरला एका परवानाधारक कारागिराकडे गेलो. म्हातारे गृहस्थ. त्यांनी आधी नळ्या खिडकीकडे धरून आतून पाहिल्या, मग बाहेरून बोट फिरवत गेले, डोळे मिटून. म्हणाले, फुगवटा नाही, नशीब चांगलं. चेंबर मोजलं, ६५ च. बिजागरी किंचित ढिली होती, ती बसवली.

मग मला रिकामी बंदूक डोळे मिटून खांद्याला लावायला सांगितली आणि समोरून नळीच्या रेघेत माझा डोळा कुठे येतो ते पाहिलं. पाच-सहा वेळा. एकदा म्हणाले, मान ताणू नका, तुम्ही आजोबा व्हायला बघताय. मला काही बोलता आलं नाही.

दस्ता साडेचार सेंटिमीटर कापला. दोन सेंटिमीटरची गादी लावली, आता चापापासून पस्तीस. लाकडात भोक पाडून शिसं बसवलं. वजन २ किलो ९५० ग्रॅम. गोठ्यात सुतळीवर टांगून पाहिली, खूण जवळजवळ जुन्याच जागी.

परवा रात्री दोनच्या सुमारास तुरीत खसखस झाली. बॅटरी मारली तर सात-आठ डोळे चमकले, रोहीच. पुढे झुकलो, गाल टेकवला, कळपाच्या वरून मोकळ्या नाल्याकडे एक बार काढला. अर्ध्या मिनिटानं दुसरा. खांद्याला धक्का बसला, पण कोणी तळहातानं मागे सारावं तसा. सकाळी बैलांना दावणीला बांधताना लक्षात आलं की उजवा हात मी वर केलाय, खुंटीवरचा दोर काढायला, आणि काही दुखलं नाही.

गणितमास्तर_पुसद

२.९५ किलोवर २४ ज्यूल येतं. ४४ वरून २४. फार आनंद झाला.

नेमबाज_नागपूर

दादा, डागाचं विचारते. आहे का?

वावरवाला_आर्वी

नाही ताई. दंडावर तर नाहीच. खोबणीत थोडं लाल होतं, दुपारपर्यंत गेलं.

निवृत्त_आर्मरर_बुलढाणा

फार बरं वाटलं वाचून. जुनी ७० ची काडतुसं उरली असतील ती घरात ठेवू नका, चुकून हाताला लागतील. परवान्यावर नोंद करून दुकानातच परत द्या. आणि एक काम करा. कारागिरानं कापलेला लाकडाचा तुकडा दिला असेल तर फेकू नका. पुढच्या पिढीत कोणी उंच निघालं तर तोच परत जोडता येतो, रंग-रेषा जुळतात.

वावरवाला_आर्वी

दिलाय दादा, कागदात गुंडाळून. अक्रोडाचं लाकूड आहे, आतून अजून फिकं. मागच्या बाजूला पितळी पट्टीच्या दोन स्क्रूंची भोकं आहेत आणि कडेला जिथे आजोबांचा खांदा टेकायचा तिथलं पॉलिश गेलेलं आहे. आजोबांच्या जुन्या परवान्याच्या वहीसोबत कपाटात ठेवलाय. पोरगं आत्ता नववीत आहे, आणि उंचीनं माझ्या कानाला लागलंय.